डबा आणि पंगत

माझे वडील मोजणी खात्यात होते. तासगाव, जत, कवठेमहांकाळ या भागातल्या कितीतरी गावांच्या शिवा, बांध आणि ओढे त्यांना तोंडपाठ होते. १९९१ साली आई गेली आणि सांगलीच्या घरात ते एकटे राहिले. मी तेव्हा पुण्यात एका शाळेत इतिहास शिकवत होतो. बहीण नागपूरला. 'पुण्याला चला' असं मी पुष्कळदा म्हटलं, पण आप्पा घर सोडायला तयार नव्हते. मग मी मुलाचं कर्तव्य केलं. गल्लीच्या टोकाला एक खानावळ होती, तिथून त्यांना डबा लावून दिला. दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात. रविवारी काहीतरी गोड. डबा वेळेवर यायचा, पैसे मी वेळेवर पाठवायचो आणि 'वडिलांची छान सोय झाली आहे' असं चारचौघांत समाधानानं सांगायचो.

एकदा न कळवता गेलो. दुपारचे चार वाजले होते. डबा ओट्यावर तसाच बंद. आप्पा ओट्याशी उभे राहून पोळीला गूळ लावून खात होते. मी विचारलं, "आप्पा, अजून जेवला नाहीत?" ते म्हणाले, "अरे, एकट्यासाठी ताट कुठं घ्यायचं? भूक लागली की खातो असंच उभ्या उभ्या." मला वाटलं, खानावळीचं जेवण आवडत नसेल. मी खानावळ बदलली. सहा महिन्यांनी पुन्हा बदलली. १९९६ साली आप्पा गेले. खानावळीत काहीच दोष नव्हता, हे मला कळायला आणखी दहा वर्षं लागली. आणि कळलं तेही कुठं, तर अमेरिकेत, एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. आज त्याचीच हकिगत सांगायची आहे.

२००६ साली मी आणि माझी पत्नी सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलो होतो. मुलगा राहत होता कॅन्सस सिटीजवळ. या नावाची दोन शहरं एकमेकांना चिकटून आहेत. एक कॅन्सस राज्यात, दुसरं मिसुरी राज्यात. काही भागात या दोन राज्यांची शीव म्हणजे चक्क एक रस्ता आहे आणि त्याचं नावही 'स्टेट लाइन रोड' असंच आहे. आप्पांना या गोष्टीची मोठी गंमत वाटली असती.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना आमची दिनचर्या वेगळी सांगायला नको. मुलगा आणि सूनबाई सकाळी आठला कामावर. घर मोठं, सगळ्या सोयी हाताशी, पण खिडकीतून बाहेर पाहिलं तर रस्त्यावर माणूस म्हणून दिसायचा नाही. दुपारी बाराला आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि साडेबाराला दिवस संपल्यासारखा वाटायचा. शेजारी एक आजीबाई राहायच्या. वय ८१, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मोटार स्वतः चालवायच्या. एके दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "गुरुवारी जेवायला येता का आमच्या चर्चमध्ये? जेवणही असतं आणि शिकणंही असतं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मनात पहिली शंका आली ती धर्मांतराची. चर्चमध्ये जेवायला बोलावतात म्हणजे नंतर पुस्तिका हातात देणार, मग प्रार्थनेला बोलावणार. शिवाय मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला आठवलं १८९० सालचं पुण्यातलं पंचहौद मिशनचं प्रकरण. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये व्याख्यानासाठी गेली आणि व्याख्यान झाल्यावर समोर आला चहा आणि बिस्किटं. कोणी घेतली, कोणी नुसती तोंडदेखली घेतली. पण नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त चुकलं नाही. चर्चच्या आवारात व्याख्यान आणि वर खाणं, या दोन गोष्टींनी एके काळी पुणं ढवळून काढलं होतं. पत्नी म्हणाली, "घरात बसून कंटाळण्यापेक्षा जाऊन तर बघू. प्रायश्चित्त काय ते नंतर घेऊ."

आम्ही गेलो. प्रार्थनेची जागा वरच्या मजल्यावर होती, आम्हाला मात्र जिना उतरून तळघरातल्या हॉलमध्ये नेलं. घडीची टेबलं, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं. साठ-सत्तर माणसं असतील, बहुतेक सत्तरीच्या पुढची. सकाळी दहाला तीन वर्ग सुरू झाले. एका खोलीत जलरंग, दुसरीत रक्तदाबाविषयी निवृत्त डॉक्टर बोलत होते, तिसरीत आपल्या आठवणी कशा लिहाव्यात याची शिकवणी. बारा वाजता सगळे जेवायला एकत्र. जेवणाआधी अर्ध्या मिनिटाची प्रार्थना झाली. मी मनातल्या मनात आपला जेवणाआधीचा श्लोक म्हटला, कुणाचं काही बिघडलं नाही. जेवण साधंच होतं. सूप, ब्रेड, बटाट्याचं सॅलड, मक्याचे दाणे, चिकन आणि शेवटी सफरचंदाचा गोड पदार्थ. आम्ही चिकन खात नाही हे स्वयंपाकघरातल्या बाईंनी पाहून ठेवलं आणि पुढच्या गुरुवारी आमच्यासाठी चीजची दोन सँडविचेस नाव लिहून वेगळी ठेवली होती. दाराशी एक टोपली होती. ज्याला जमेल त्यानं त्यात पैसे टाकायचे. किती टाकले, टाकले की नाही, हे कोणी पाहत नव्हतं. जेवण झाल्यावर हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ चक्रीवादळाची सूचना कशी देतात यावर चाळीस मिनिटं बोलले. त्या भागात हा विषय म्हणजे जिवाशीच गाठ. दोन वाजता सगळे आपापल्या घरी.

पण मला सांगायचं आहे ते दाराशी भरून घेतलेल्या कागदाबद्दल. त्यावर तीन प्रश्न होते. पहिला, नाव आणि फोन नंबर. दुसरा, येण्याजाण्यासाठी गाडीची गरज आहे का. तिसरा, तुम्ही काय शिकवू शकाल? पहिले दोन मी भरले आणि तिसरा कोरा ठेवून कागद परत दिला. टेबलापलीकडच्या बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हे राहिलं." मी म्हटलं, "मी पाहुणा आहे. जेवायला आलोय." त्या म्हणाल्या, "जेवायला सगळेच येतात. पण काहीतरी येत असेलच की तुम्हाला."

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, हे मला पुष्कळांनी विचारलं होतं. तुम्हाला काय येतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

मास्तरकीची खोड जात नाही. हा प्रश्न या कागदावर आला कुठून, याचा शोध मी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून घेतला. हाती लागलं ते असं.

देवळानं किंवा चर्चनं भुकेल्याला अन्न द्यावं ही रीत सगळीकडेच जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्यानं तर निराधारांची जबाबदारी त्या त्या चर्चच्या हद्दीवर, म्हणजे पॅरिशवर टाकली. पण १८३४ साली कायदा कडक झाला. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये या, असं धोरण आलं. अमेरिकेतही ठिकठिकाणी सरकारी गरीबखाने होते आणि ज्यांना कोणी नाही अशी कितीतरी म्हातारी माणसं अखेरीस तिथंच जात. अन्न मिळायचं, पण मान खाली घालून.

१९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला आणि कामगारांना पासष्टाव्या वर्षी निवृत्तिवेतन मिळण्याची सोय झाली. हाती थोडा पैसा आला आणि पुष्कळ वेळ आला. त्या वेळेचं करायचं काय, हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे दिसला न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या समाजकल्याण कचेरीत म्हातारी माणसं काही ना काही निमित्त काढून वारंवार यायची. कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं की यांचं काम वगैरे काही नसतं, यांना बोलायला माणूस हवा असतो. त्यातून १९४३ साली ब्राँक्स भागात वृद्धांसाठी एक केंद्र सुरू झालं. अमेरिकेतलं हे अशा प्रकारचं पहिलं केंद्र मानतात. पाहा, सुरुवात भुकेतून झाली नाही, बोलण्यातून झाली.

त्याच सुमारास, युद्धाच्या धामधुमीत, ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेनं वृद्धांच्या घरी गरम जेवण पोचवायला सुरुवात केली. 'मील्स ऑन व्हील्स', चाकावरचं जेवण. १९५४ साली ही कल्पना अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचली. तिथं शाळेतली मुलंमुली डबे पोचवायची, त्यांना लोक कौतुकानं 'प्लॅटर एंजल्स' म्हणायचे, म्हणजे ताट घेऊन येणारे देवदूत. ही फार मोठी सोय होती आणि आहे. जो अंथरुणावर आहे त्याच्यासाठी तर दुसरा उपायच नाही. पण वाचताना मला सारखा आप्पांचा ओट्यावरचा बंद डबा दिसत होता.

आता शिकण्याचा धागा. तोही चर्चमधूनच निघतो. १८७४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या शतॉक्वा नावाच्या तळ्याकाठी जॉन व्हिन्सेंट आणि लुइस मिलर या दोघा मेथडिस्ट पंथीयांनी रविवारच्या धर्मशाळेच्या शिक्षकांसाठी शिबिर भरवलं. पाहता पाहता तिथं विज्ञान, इतिहास, संगीत सगळं आलं. १८७८ पासून घरबसल्या वाचन करणाऱ्यांची मंडळं सुरू झाली. शिक्षण म्हणजे लहानपणीच उरकायची गोष्ट नव्हे, हा विचार त्या चळवळीनं खेडोपाडी नेला. हे वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. कारण शतॉक्वाच्या दुसऱ्याच वर्षी, १८७५ साली, आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता असं मला म्हणायचं नाही. पण मोठ्या माणसांनी संध्याकाळी जमून काहीतरी नवं ऐकावं, ही भूक एकाच काळात दोन्हीकडे जागी झाली एवढं खरं.

जेवण आणि शिकणं हे दोन धागे एकत्र यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. १९६५ हे वर्ष अमेरिकेतल्या वृद्धांच्या दृष्टीनं महत्त्वाचं. त्या वर्षी जुलै महिन्यात वृद्धांसाठीचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली. ती सही वॉशिंग्टनला नाही झाली. कॅन्सस सिटीला लागूनच असलेल्या इंडिपेंडन्स या गावी झाली, माजी अध्यक्ष ट्रूमन यांना शेजारी बसवून. पुढे २२ मार्च १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी वृद्धांच्या पोषणाच्या कायद्यावर सही केली. साठीच्या पुढच्या माणसांना आणि त्यांच्या जोडीदारांना आठवड्यातले पाच दिवस निदान एक वेळचं गरम जेवण मिळावं, त्यातून दिवसाच्या गरजेच्या किमान एकतृतीयांश पोषण व्हावं, असं त्यात होतं. कायद्याचा भर घरी डबा पोचवण्यावर नव्हता, एकत्र बसून जेवण्यावर होता. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, ज्याला जमेल त्यानं स्वखुशीनं पैसे द्यावेत. टोपलीचं मूळ मला तिथं सापडलं. या पंगतींना जागा लागणारच. गावोगावच्या चर्चकडे तळघरात हॉल आणि मोठं स्वयंपाकघर होतं, आणि आठवड्यातले सहा दिवस ते रिकामंच असायचं. मग पुष्कळ ठिकाणी पंगत बसली ती तिथंच.

त्याच १९७२ साली कॅन्सस सिटीत आणखी एक गोष्ट घडली. सेंट्रल युनायटेड मेथडिस्ट चर्चचे पाद्री होते एल्बर्ट कोल. वृद्धांसाठी निवासगृह बांधावं असा विचार चालला होता. कोल यांनी आधी माहिती घेतली, तेव्हा दिसलं की अशा संस्थांत राहणारी माणसं शंभरात पाचच्या आसपास. बाकी पंचाण्णव आपापल्या घरीच राहतात आणि तिथंच राहू इच्छितात. मग पाचांसाठी इमारत बांधायची की पंचाण्णवांसाठी काही करायचं? त्यांनी इमारत बाजूला ठेवली आणि 'शेफर्ड्स सेंटर' सुरू केलं. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. आजूबाजूची प्रोटेस्टंट आणि कॅथलिक चर्चेस आणि ज्यूंची प्रार्थनास्थळं यांना त्यांनी बरोबर घेतलं, त्यामुळे ते कोणा एका पंथाचं राहिलं नाही. सुरुवात घरी जेवण पोचवण्यापासून झाली. मग घरातली किरकोळ दुरुस्ती, दवाखान्यात सोबत, आणि आठवड्यातून एक दिवस वर्ग, जेवण आणि व्याख्यान. त्या दिवसाला नाव दिलं 'शिकण्यातलं साहस'.

कोल यांचं वेगळेपण या सेवांत नव्हतं, कारण यातल्या बऱ्याच सेवा आधीपासून होत्या. वेगळेपण हे की हे सगळं चालवणारे म्हातारेच. डबा पोचवणारा सत्तरीचा, नळ दुरुस्त करणारा अडुसष्टचा, शिकवणारी पंच्याहत्तरची आणि शिकणारीही पंच्याहत्तरचीच. आज ज्यानं वाढलं तोच उद्या पानावर बसणार. वर्कहाउसच्या काळापासून देणारा एका बाजूला आणि घेणारा दुसऱ्या बाजूला अशी जी रेघ होती, ती या माणसानं पुसून टाकली. ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या कितीतरी गावांत गेली. आम्ही जात होतो तो हॉलही याच धर्तीवर चालणारा होता, आणि कागदावरचा तिसरा प्रश्न याच विचारातून आलेला होता.

तो कागद मी अखेर भरला. लिहिलं, 'भारतातली रेल्वे.' मला चार गुरुवार मिळाले. कॅन्सस सिटी हे रेल्वेनं वाढवलेलं गाव, १८६९ साली मिसुरी नदीवर पूल झाला आणि गावाचं नशीब पालटलं. वर्गात रेल्वेतून निवृत्त झालेले दोघं-तिघं होते. मी त्यांना १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सांगितली आणि मग बोरघाट सांगितला. घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या पत्नीनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, ते काम हाती घेतलं आणि अभियंत्यांकरवी पूर्णत्वाला नेलं. ही गोष्ट ऐकताना समोरच्या आज्या अशा टवटवीत झाल्या की विचारू नका. घाटात गाडी एका टोकाला नेऊन इंजिन दुसरीकडे जोडायचे, ते मी फळ्यावर काढून दाखवलं, तर एक म्हातारे रेल्वेवाले उठले, खडू माझ्या हातातून घेतला आणि चढ किती, ब्रेक किती, याचा हिशेब मांडू लागले. शेजारच्या आजीबाई हसत म्हणाल्या, "यांना आज तीन महिन्यांनी बोलताना ऐकतेय मी."

माझ्या पत्नीनंही दोन गुरुवार रांगोळी शिकवली. मुलगा-सून रात्री विचारायचे, "आज काय केलंत?" आणि आमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असायचं.

तिथं सगळं आदर्श होतं असं मात्र मी म्हणणार नाही. कॅन्सस सिटीत ट्रूस्ट नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या पूर्वेला मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती आणि पश्चिमेला गोऱ्यांची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची फाळणी. आमच्या हॉलमधल्या साठ-सत्तर माणसांत कृष्णवर्णीय दोघं किंवा तिघं. पंगतीला सगळ्यांना बोलावलं तरी सगळे येतातच असं नाही, कोण कुठं राहतं यावरच पुष्कळसं ठरून गेलेलं असतं. पुरुषही कमीच. बायको गेल्यावर घरात बसून राहिलेल्या पुरुषाला बाहेर काढणं सगळ्यात अवघड, असं ती मंडळी म्हणायची. मी मान हलवायचो. मला ठाऊक होतं.

परत आल्यावर मी पुण्याचं बिऱ्हाड मोडून सांगलीच्या घरी राहायला आलो आणि २००७ साली आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गुरुवारचं जेवण सुरू करायचं ठरवलं. आपल्याकडे काय नाही? ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, व्याख्यानमालांची तर मोठी परंपरा आहे. देवळांत महाप्रसाद आहे, गुरुद्वारात लंगर आहे. मला वाटलं, हे सोपं जाईल.

सोपं गेलं नाही. पहिल्या गुरुवारी अकरा जण आले आणि पहिला वाद झाला कांदा-लसणावर. दुसरा वाद कुणी बोलून दाखवला नाही, पण स्वयंपाक कोणाच्या घरून येतो याची हळूच चौकशी झाली. पंचहौदचा चहा होऊन ११७ वर्षं झाली होती, तरी त्याची वाफ अजून निवली नव्हती. दोघांनी येणं बंद केलं. आम्ही त्यांना नाव ठेवलं नाही आणि नियमही बदलला नाही. तिसरी अडचण तर आमच्या डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती. पुरुष पानावर बसायचे आणि बायका वाढायच्या. ज्या बायकांनी जन्मभर वाढलं त्यांना इथं येऊनही वाढायचंच असेल तर त्यांना यात नवं काय? हे माझ्या पत्नीनं पहिल्याच महिन्यात सर्वांसमोर विचारलं. तेव्हापासून पाळी लावली. निवृत्त मामलेदारसाहेबांनी हातात भाताचं पातेलं घेतलं, तेव्हा निम्मा भात पानाबाहेर पडला, पण पंगत उठली ती हसत.

तो तिसरा प्रश्न मी आमच्याही कागदावर छापला होता. अकराच्या अकरा जणांनी तिथं लिहिलं, 'काही नाही.' मीही मग त्या बाईंसारखा कागद परत सरकवत राहिलो. एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, "मास्तर, मी काय शिकवणार? मला गाडी हाकायला येते." मी म्हटलं, "पावसाळ्यात रात्री आंबा घाट कसा उतरायचा ते सांगा." ते चाळीस मिनिटं बोलले, हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. १९७० च्या दशकात देवीची लस टोचायला वाड्यावस्त्या पायी फिरलेल्या एक नर्सबाई होत्या. लोक मुलं कशी लपवून ठेवायचे आणि त्या कशा शोधून काढायच्या, हे त्यांनी सांगितलं. भारतातून देवी गेली हे मी वर्गात वीस वर्षं शिकवलं होतं, एका ओळीत. ती ओळ कोणाच्या पायांनी लिहिली गेली, हे मला त्या गुरुवारी कळलं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं. तिकडचे हॉल बंद झाले आणि आमचाही झाला. आम्ही पुन्हा डब्यावर आलो. तरुण मुलं दाराशी डबा ठेवून जायची. मग आम्ही एवढंच ठरवलं की गुरुवारी साडेबाराला ताट घ्यायचं, उभ्यानं खायचं नाही, आणि यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावून जेवायचं. त्या दोन वर्षांत आमची तीन माणसं गेली. नर्सबाई त्यांतल्याच एक. २०२२ मध्ये हॉल पुन्हा उघडला तेव्हा त्यांच्या जागी पाटावर काही वेळ कोणी बसलं नाही. मग एक नवीन गृहस्थ आले, नुकतीच पत्नी गेलेले. त्यांना आम्ही तिथं बसवलं आणि कागद पुढे केला.

आप्पांच्या मोजणीच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. वर्षातला एक गुरुवार मी त्या उघडून बसतो. कोणत्या ओढ्यानं कधी पात्र बदललं, कोणत्या गावाची शीव कोणत्या वडापासून धरली, हे सांगतो. ऐकणाऱ्यांत शेतकरी असतात, वकील असतात, त्यांचे प्रश्न येतात आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मला देता येत नाहीत. ती आप्पांना आली असती. पाच वर्षं ते त्या घरात एकटे होते आणि त्या पाच वर्षांत मी त्यांना दर पत्रात विचारलं, डबा वेळेवर येतो ना? शिवेचं एकदाही विचारलं नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आईवडिलांना डबा लावून दिला असेल. चांगलं केलंत, तो बंद करू नका. पण पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा भाजी कशी होती याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. जेवताना समोर कोण होतं? आणि मला अमुक एक गोष्ट येत नाही, ती शिकवाल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'कोणी नाही' असं आलं, तर गल्लीत अशीच आणखी चार घरं असतील. त्यांच्यासाठी एखाद्या देवळाचा, वाचनालयाचा, चर्चचा, शाळेचा दुपारी रिकामा असलेला हॉल शोधा. सुरुवातीला अकरा माणसं पुरतात. भात पानाबाहेर पडेल, तो पडू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)